बशीची पाठ

"बशी उलटी कर!" असं ओरडून सांगावं, असं बेथनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडाला कुलूप होतं. संगणकावरच्या खेळाच्या चाचणीचा नियमच तसा. खेळणारा पडद्यासमोर, खेळ बनवणारा त्याच्या मागं, आणि मागच्यानं हूं की चूं करायचं नाही. खेळ विकत घेऊन माणूस घरी जातो तेव्हा बनवणारा काही सोबत जात नाही, असं शिक्षक गॅरेथनं पहिल्याच तासाला बजावलं होतं.

लंडनहून शिकायला आलेल्या पोरानं पडद्यावरच्या त्या स्वयंपाकघरातले सगळे खण उघडले. बशी उचलली, धुतली, पुसली, तिच्यावर अंडं ठेवून बघितलं. उलटी मात्र केली नाही. शेवटी त्यानं हात टेकले. त्याच्या आधी खेळलेल्या मुलीचंही हेच झालं होतं.

"बेथनी, अगं, एक बाण काढ त्या बशीवर," पोरगा गेल्यावर गॅरेथ म्हणाला. "'इथं उलटा' असं लिही. कुणाला सुचणार हे?"

"कुणाला म्हणजे? बशी हातात आली की माणूस आधी काय करतो?"

"जेवतो," गॅरेथ म्हणाला.

बेथनीला हे नवलच होतं. इंग्लंडातल्या स्टोकमध्ये वाढलेली पोर ती. चिनी मातीच्या भट्ट्यांवर पिढ्या पोसलेलं हे गाव. लग्नाच्या पंगतीत, हॉटेलात, अगदी मयताच्या घरच्या चहालासुद्धा इथला माणूस आधी बशी उलटी करून कारखान्याचा शिक्का बघणार, मग केकला हात लावणार. सगळं जग असंच करतं, अशी तिची पक्की समजूत. घ्या! आणि खेळाचं सगळं कुलूप तिनं त्या एका सवयीवर बसवलेलं.

तिघांपैकी एकानं तरी ते कुलूप उघडणं भाग होतं, आणि आता एकच खेळणारं माणूस उरलं होतं. तेही अडकलं, तर पदवीआधीचं हे पायाभूत वर्ष वाया आणि पदवीच्या वर्गाचं दार बंद. जन्मात कधी असा खेळ न खेळलेलं कुणीतरी घरून आणा, अशी अट होती. बेथनीच्या घरी माणूसच एक. तिची आई.

आई, डोरीन, कोट न काढताच खुर्चीत बसली. पर्स मांडीवर. आयुष्यभर तिनं कारखान्यात बशांवर हातानं फुलं रंगवली होती. घोडी झालेल्या मुलीनं तिथलीच पॅकिंगची बरी नोकरी सोडून शाळकरी पोरांत जाऊन बसावं, हे तिला मुळीच पटलेलं नव्हतं. वर्षभर ती या शिक्षणाला 'बालवाडी' म्हणत आली होती. पास तर व्हायचंच होतं बेथनीला. पण आईनं एकदा तरी हे काम, काम म्हणून बघावं, यासाठी तिचा जीव तुटत होता.

"हेच का ते तुझं कार्टून?" डोरीननं विचारलं.

बेथनी गप्प.

"बोलत का नाही ही? तोंड आलंय का हिला?"

"तिनं बोलायचं नाहीये, डोरीनबाई," गॅरेथ म्हणाला. "तुम्ही मात्र मनात येईल ते बोला."

"अरे वा! घरी नेमकं उलटं असतं."

डोरीननं माउस चाचपडत धरला. पडद्यावर स्वयंपाकघर आलं. मेजावर निळ्या फुलांची बशी. ना खण, ना खिडकी. "कुणाची आहे, बघू," असं पुटपुटत तिनं बशी सरळ पालथी घातली.

खट्! पुढच्या खोलीचं दार उघडलं. गॅरेथ हसला, आणि त्यानं मान डोलावली. झाली पास! बेथनीचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण डोरीन पुढच्या खोलीत गेलीच नाही. तिनं पर्समधून चष्मा काढला आणि पडद्याला नाक लावलं. बशीच्या पाठीवर एक हिरवं पान होतं, देठाशी दोन ठिपके. तिची खूण. तिनं रंगवलेल्या प्रत्येक बशीच्या पाठीवर ती असायची. आई बघेल, हरखेल, म्हणून बेथनीनं मोठ्या हौसेनं ती काढली होती.

डोरीन हरखली नाही. "ही फुलं कुणी काढली?"

बेथनीनं गॅरेथकडं पाहिलं. "बोल की आता," तो म्हणाला. "संपली चाचणी."

"मीच, आई. एकेक पाकळी."

"आणि खाली माझी खूण?"

"तुझ्यासाठी म्हणून गं. मला वाटलं..."

"काय वाटलं? दुसरीच्या कामावर मी जन्मात कधी आपली खूण लावली नाही. माझी नाही ही बशी."

बेथनीचा चेहरा पडला. डोळे भरून आले. पास झाल्याचा सगळा आनंद तिथंच विरला.

डोरीननं बशी परत सुलटी केली. पाकळ्यांवरून नजर फिरवली. पुन्हा पालथी घातली. तिच्या कारखान्यात शिकाऊ मुलींना खूण नसे. त्या बिचाऱ्या निनावी फुलं काढत बसायच्या. मग एखाद्या दिवशी एखादी जुनी जाणती बाई येऊन काम निरखायची आणि एकच प्रश्न विचारायची. तो प्रश्न आला, की पोरगी कारागीर झाली. डोरीनला तो विचारला गेला, तेव्हा ती ब्रश टाकून ढसाढसा रडली होती. बेथनीनं हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं.

डोरीननं चष्मा काढला, खुर्ची वळवली आणि मुलीकडं नीट पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, "मग तुझी खूण कुठली?"