मोरीतल्या मुंग्या

मंदारसाठी मुलगी बघायला गेलो, तर तिच्या वडलांनी चहा बिनसाखरेचा घेतला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"शुगर आहे की काय तुम्हाला?"

"छे हो, सवय आहे."

सवय म्हणे! माझ्या आईचा पाय शुगरमुळेच कापावा लागला होता. हे दुखणं रक्तातून उतरतं. सुनेबरोबर ते माझ्या घरात यायला नको होतं. हात धुवायचं निमित्त करून मी त्यांच्या मोरीत शिरले. लघवीतून साखर जात असेल, तर तिथे मुंग्या लागतात, हे आईच्या वेळी पाहिलेलं. वाकून कोपरान् कोपरा तपासला. एकही मुंगी नव्हती. बाहेर येऊन पेढा तोंडात टाकला आणि होकार देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी आमची माडीवरची मोरी धुवायला घेतली. ती एकटा मंदार वापरतो. कडेनं काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मुलीचे वडील होते. "ताई, काल विचारायचं राहिलं. तुमच्याकडे कुणाला शुगर नाही ना?"

मी मुंग्यांवर बादली उपडी केली.

"छे हो!"