जास्तीची प्लेट

दूध गार करायच्या यंत्रातून निम्मं दूध गार नि निम्मं कोमट येत होतं, म्हणून फिटरने त्याच्या नव्वदच्या नव्वद प्लेटा सोडवायला घेतल्या. याच दुधावर त्याची दीड वर्षाची नात वाढत होती.

“काका, मागच्या वेळी घाईत एखादी उलटी बसवलीत की काय?” ऑपरेटर बाईंनी चिमटा काढला.

“उलटी असती तर प्लेटांच्या कडांवरून ओढलेली ही तिरकी रेघ तुटली असती, बाई.”

रेघ कुठेच तुटली नव्हती. प्लेटा मात्र एक्याण्णव भरल्या.

जास्तीची प्लेट लेकराच्या पोटासारखी ऊबदार होती. तिच्या माशाच्या काट्यासारख्या पन्हळींवर पिवळट, बुळबुळीत साय धरली होती आणि तिला न धुतलेल्या तोंडाचा वास येत होता. त्याने बोटाने खरवडताच साय आकसली. ती प्लेट भंगारात फेकून त्याने बाकीच्या नव्वद आवळल्या. रेघ तरीही अखंडच राहिली, नि दूध गारेगार आलं.

संध्याकाळी सून हसत म्हणाली, “बाबा, आज बाटली सोडायलाच तयार नाही तुमची चिमणी.”

आजोबांना बघून नातीने आ केला. तिच्या जिभेवर पिवळट साय होती. पुसायला त्याने बोट लावताच साय आकसली, आणि खालच्या माशाच्या काट्यासारख्या पन्हळी त्याच्या बोटाला लागल्या.