चंद्रावरचा उतार

चंद्रावरच्या शाळेच्या मैदानात कृत्रिम हिरवळ अंथरायची होती. भिकाजी खरातांनी धूळ दाबून सिद्ध केलेल्या जमिनीला अभियंता रेवती चाफेकरच्या मापकाने एक टक्का उतार दाखवला.

"खरात, हा उतार कशासाठी?"

"पाण्याच्या निचऱ्यासाठी, मॅडम. गुहागरला तीस वर्षं असाच देत आलो."

"इथे पाऊस कुठून आणणार? नियमाने मला हे सगळं उखडून तुम्हाला परत पृथ्वीवर पाठवावं लागेल."

भिकाजी क्षणभर ओशाळले. मग त्यांनी पारदर्शक घुमटाकडे, त्यापलीकडच्या काळ्याभोर निःशब्दतेकडे पाहिलं.

"मॅडम, दहा वर्षांपूर्वी इथे हवा तरी कुठे होती?"

रेवती उताराच्या खालच्या कडेपर्यंत चालत गेली. तिने मापक बंद केला.

"मग खालच्या कडेला चर का नाही खणलात?"