पाटीवरची पाच कोडी

सोमवारी सकाळी साडेसहाला विमलाबाईंनी पाटीवर लिहिलं : ३, ६, १२, २४.

"छत्तीस," त्यांचे यजमान सहादू गांगुर्डे म्हणाले.

"चूक. बारा मिळवलेत तुम्ही. दुप्पट करायचं, अठ्ठेचाळीस. अहो, ओझरला बावीस वर्षं विमानं जोडलीत की पतंग?"

"छडी नका काढू, बाई."

विमलाबाई हसल्या. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. इंदिरानगरच्या घरात त्यांनी पुन्हा खडू हातात घेतला, तो १९८६च्या मे महिन्यात. रोज पाच कोडी. पुस्तकातली नकोत, तुझी तूच तयार कर, हा सहादूंचा हट्ट.

तपासणीला दोघंही गेले होते. डॉक्टरांनी दोघांनाही प्रश्न विचारले. निकाल ऐकायला सहादू एकटेच आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "माझी स्मरणशक्ती कमी होतेय."

तेव्हापासून भाजीलाही दोघं बरोबर जात. दोनदा गॅस उघडा राहिला. दोन्ही वेळा सहादूंनी "मीच विसरलो" म्हणून कान पकडले.

"बाई, आकड्यांनी गेलेलं परत येतं का हो?" शेजारच्या गोजराबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"नाही येत. कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात पटाईत होतो, एवढंच डॉक्टर खात्रीनं सांगतात. आहे ते थोडं जास्त टिकलं तर टिकलं." विमलाबाईंनी आवाज खाली आणला. "शनिवारी पुन्हा दाखवायचंय. उतार दिसला तर मुलगा पुण्याला घेऊन जाईन म्हणतो. हे घर बंद."

"गांगुर्डेभाऊ तर ठणठणीत दिसतात."

"दिसतात."

मंगळवारी सहादूंची दोन उत्तरं चुकली. बुधवारी एक. गुरुवारीही एक. प्रत्येक चुकीवर विमलाबाईंचा खडू टक्कन वाजला.

शुक्रवारी त्यांनी लिहिलं : २, ५, ८, ११.

सहादूंनी बराच वेळ पाटीकडे पाहिलं. "तेरा."

विमलाबाईंनी तेरा लिहून पुढे बरोबरची खूण केली. "शाबास! सुधारताय की. थांबा, पोहे टाकते."

त्या आत गेल्या. सहादू उठले, मागोमाग जाऊन गॅसपाशी जरा थांबले आणि परत आले. डॉक्टरांना दाखवायची वही त्यांनी उघडली. तारीख घातली. खाली एकच ओळ लिहिली :

"आजही मुद्दाम चुकलो. आज तिनं पकडलं नाही."