दुसऱ्याची गाडी

आरशात मागचा रस्ता दिसेना, तेव्हा वसंतानं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघत होते.

"थंडीचा असंल," तो म्हणाला.

"ऊन डोक्यावर आलं अन् थंडीचा?" मागच्या सीटवर आडवे झालेले रखमाजी म्हणाले.

त्यांचं डोकं लेकीच्या, कौसल्याच्या मांडीवर होतं. पहाटेपासून त्यांच्या छातीत कळ येत होती. जालन्याला न्या, वेळ घालवू नका, एवढंच टेंभुर्णीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मालकांनी, अण्णासाहेबांनी आपली मोटार दिली. ती इतकी वर्षं रखमाजीच चालवत आले होते. आज स्टिअरिंगवर त्यांनी शिकवलेला वसंता होता.

"बाबा, बोलू नका."

"वास घे रे. ऑइल जळाल्यावानी येतो का?"

"न्हाई, उस्ताद. नुसती वाफ."

"मंग इंजनात पाणी जाऊन राह्यलं. गॅस्केट गेलं. काटा पाह्य."

इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला होता.

"थांबव."

"वसंता, थांबू नको," कौसल्या म्हणाली. "जालना काही लांब राहिलं नाही. जाईल तिथवर."

"जाईल. अन् इंजन जाम होईल. दुसऱ्याची गाडी आहे, पोरी."

"होऊ द्या जाम!"

रखमाजी हसले. "मास्तरीण झालीस, ड्रायव्हरची लेक काही झाली न्हाईस."

हसतानाच त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी सीटची कड घट्ट धरली आणि कळ गेल्यावर पुन्हा म्हणाले, "थांबव म्हणलं ना."

वसंतानं एकदा कौसल्याकडे पाहिलं. मग गाडी लिंबाखाली घेऊन बंद केली.

एकदम सगळं शांत झालं. रस्त्यावर कुठूनच काही येत नव्हतं. वसंतानं बोनेट उघडलं. रेडिएटरमध्ये पाणी खदखदत होतं.

"झाकणाला आत्ताच हात लावू नको, भाजशील," रखमाजी आतून म्हणाले. "निवू दे. मंग पाणी भर. जल्दी करायची न्हाई."

"बाबा, छातीत कसं वाटतंय?"

"बराबर आहे." त्यांनी डोळे मिटले.

कौसल्या त्यांचा श्वास ऐकत होती. एक येई. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

"वसंता, झालं का?"

"गरम आहे, ताई. बिलकुल थोडं राह्यलं."

अखेर फडक्यानं झाकण फिरवून त्यानं डब्यातलं पाणी ओतलं, बोनेट पाडलं आणि पळत येऊन स्टिअरिंगवर बसला.

"चालव," कौसल्या म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

वसंताचा हात किल्लीवर गेला आणि थांबला. रखमाजी गाडीत असताना त्यांना विचारल्याशिवाय त्यानं गाडी कधी काढली नव्हती.

"काढू का, उस्ताद?"

त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग किल्ली न फिरवता, मान किंचित मागं झुकवून तो हुकमाची वाट पाहत राहिला.