इस्त्रीचा शर्ट

दुपारी ती जुनी मालिका पुन्हा लागली होती. प्रयोगशाळेतल्या बाईने मेलेल्याच्या शर्टावरून गाडीच्या रंगाचा कण चिमट्याने उचलला आणि ठोकून पळालेला ड्रायव्हर सापडला.

“बंद करा तो डबा,” गोदू नवऱ्यावर खेकसली.

“अगो, जीवन व्हता तवा त्याच्यासंगती एक भाग सोडत नव्हतीस,” रावजी म्हणाला.

त्यांच्या जीवनला बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर उडवून पळाला, त्याच्या चौथ्या दिवशी हवालदाराचा फोन आला होता. उद्या पोराचा शर्ट न्यायला येतो म्हणाला. सरकारात जायचा शर्ट मळका कसा द्यायचा? गोदूने दोनदा साबण लावून तो खसाखसा घासला, इस्त्री करून घडी घातली.

“यावर डाग होते ना?” हवालदाराने विचारलं.

“एकपन ठेवला न्हाय, सायब.”