दोन सेकंदांची सवय

स्टिक इथे हलवायची. हजारो मैलांवर विमान वळतं, दोन सेकंदांनी.

फ्रिजमध्ये अर्धा पाव आणि पाण्याची बाटली.

ताईचा मेसेज, सकाळचा: जेवलास का?

नऊ वर्षांत चार हजार तासांचं उड्डाण. पाय मात्र एकदाही जमिनीवरून उचलले गेले नाहीत.

एका विमान कंपनीचं पत्र आलं होतं. सहवैमानिकाची जागा, होकार शुक्रवारी पाचपर्यंत कळवा. लष्कराचं ड्रोन उडवणारा हा पायलट कंपनीच्या सिम्युलेटरवरच्या चाचणीत पास झाला होता, पण कसाबसा. स्टिक हलवली की तो दर वेळी थांबायचा. "अहो, कुणाची वाट बघताय?" परीक्षकाने विचारलं. त्याचंही उत्तर त्याने दोन सेकंदांनीच दिलं.

सवय बोलण्यातही उतरली होती. फोनवर ताई वैतागायची. "अरे, आहेस की गेलास? त्या खुराड्यातून बाहेर पड आता. जरा माणसांत ये."

माणसांत म्हणजे कॅमेरावालीजवळ, हे ताईला कुठून कळणार? सहा वर्षं ती त्याच्या उजव्या हाताला बसून ड्रोनचा कॅमेरा फिरवत होती. कोपराला कोपर लागेल इतकं अंतर, तरी बोलणं हेडसेटवरून, आणि त्यातला शब्द न् शब्द रेकॉर्ड होणारा. मनातलं बोलायची सोय नव्हती. पण त्याच्या उत्तरासाठी न वैतागता थांबणारी जगात ती एकटीच.

शुक्रवारी विषय तिनेच काढला.

"पत्राला उत्तर दिलंस?"

"...अजून नाही."

"कमाल आहे! आता काय त्यांनी वरात घेऊन यायचं?"

"...इथलं काम—"

"इथलं काम ही खुर्चीसुद्धा करेल. जा बाबा एकदाचा. आणि घर विमानतळाजवळच बघ, उगाच लांब नको."

ती हसली, पडद्यावरची नजर न हटवता. आपण हिला इतके नकोसे झालोय, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. पण तिकडे कॉकपिटमध्ये शेजारी रोज नवा माणूस. इथे निदान हा आवाज तरी होता. नकोसे तर नकोसे.

साडेचारला बाहेर जाऊन त्याने कंपनीला नकार कळवला. परत येऊन हेडसेट चढवला.

"दिलं उत्तर."

"शाब्बास!" ती इतक्या जोरात म्हणाली की त्याचे कान दुखले. "मग, कधीपासून?"

तिचा तो आनंद ऐकून त्याला बोलवेना. ती दोन सेकंद थांबली. मग आणखी दोन.

कॅमेरावालीने सोमवारीच राजीनामा दिला होता. त्याच कंपनीत, त्याच विमानतळावर, तिला नोकरी लागली होती.